ऑप्थॅल्मिक टेक्निशियन व्हायचंय? काय शिकायचं, कुठल्या क्रमाने आणि हात कशावर बसवायचा

डोळ्याच्या दवाखान्यात पेशंट डॉक्टरसमोर बसतो जेमतेम पाच-दहा मिनिटं, त्याआधीचा अर्धा-पाऊण तास तो टेक्निशियनच्या हातात असतो. व्हिजन चेक, चष्म्याचा नंबर, डोळ्याचं प्रेशर, ड्रॉप टाकणं, स्कॅन काढणं हे सगळं आपण करतो आणि डॉक्टर जो निर्णय घेतात तो आपण कागदावर लिहिलेल्या आकड्यांवर घेतात. मशीन आकडा नेहमीच देतं, चुकीच्या पद्धतीने वापरलं तरी देतं. तो आकडा खरा आहे का हे कळणं म्हणजे हे काम येणं, बाकी बटणं दाबायला कोणीही दोन दिवसांत शिकतो.

आधी गोंधळ मिटवू. ऑप्थॅल्मॉलॉजिस्ट म्हणजे डोळ्यांचे डॉक्टर, ऑपरेशन करणारे. ऑप्टोमेट्रिस्ट नंबर काढतो आणि डोळे तपासतो, त्याचं शिक्षण जास्त वर्षांचं. ऑप्टिशियन चष्मा बनवून बसवून देतो. टेक्निशियन डॉक्टरांच्या हाताखाली तपासण्या करतो, निदान करत नाही. ही शेवटची गोष्ट पहिल्या दिवसापासून डोक्यात ठेवा, कारण पेशंट सगळ्यात आधी तुम्हालाच विचारणार "काय निघालं हो?" आणि उत्तर माहीत असलं तरी ते सांगणं तुमचं काम नाही. "डॉक्टर रिपोर्ट बघून सांगतील" हे वाक्य न चिडता, न घाबरवता म्हणता यायला हवं.

हे काम आपल्याला जमेल का

मार्कांपेक्षा स्वभाव बघा. तेच वाक्य, "हनुवटी इथे ठेवा, कपाळ पट्टीला टेकवा, समोर बघा", दिवसभर म्हणावं लागतं आणि शेवटच्या पेशंटला पण पहिल्यासारखंच म्हणावं लागतं. अंधाऱ्या खोलीत वाकून बसायचं, त्यामुळे मान आणि कंबर दुखते, म्हणून स्टूलची उंची आधी लावायची सवय सुरुवातीलाच लावून घ्या. हात थरथरत नसावा. दशांश आणि अधिक-उणेची भीती असेल तर ती घालवावी लागेल, कारण चष्म्याच्या नंबरात उण्याचं अधिक लिहिलं गेलं तर पेशंट तो चष्मा घालूच शकणार नाही. तुमचे स्वतःचे दोन्ही डोळे एकत्र काम करतात का आणि रंग नीट ओळखता येतात का हेही एकदा तपासून घ्या, स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या मायक्रोस्कोपवर, खोली कळणं दोन्ही डोळे एकत्र काम करण्यावर अवलंबून असतं.

शिक्षणाचे रस्ते

रस्ते साधारण तीन. एक, बारावीनंतर, शक्यतो सायन्स घेऊन, सर्टिफिकेट किंवा डिप्लोमा कोर्स. दुसरा डिग्री, जी जास्त वर्षं घेते पण पुढे बढती आणि शिकवण्याच्या कामासाठी उपयोगी पडते. तिसरा म्हणजे डोळ्यांच्या हॉस्पिटलमध्ये असिस्टंट म्हणून लागून काम करता करता शिकणं आणि मग परीक्षा देणं. तिसऱ्या रस्त्याला कमी समजू नका, पण तिथे एक धोका असतो, शिकवणाऱ्याच्या सवयी चांगल्या-वाईट सगळ्या अंगाला चिकटतात आणि 'का' हा प्रश्न राहून जातो.

कोर्स निवडताना बिल्डिंग आणि वेबसाईट बघू नका. तीनच प्रश्न विचारा. खऱ्या पेशंटवर किती तास काम करायला मिळतं? एका स्लिट लॅम्पमागे किती विद्यार्थी? आणि हे सर्टिफिकेट तुम्हाला जिथे नोकरी करायची तिथे चालतं का? तिसऱ्याचं उत्तर कोर्सवाल्याकडून घेऊ नका, नोकरी देणाऱ्या हॉस्पिटलकडून घ्या.

आंतरराष्ट्रीय पातळीवर ओळखीची परीक्षा हवी असेल तर इंटरनॅशनल जॉइंट कमिशन ऑन अलाइड हेल्थ पर्सोनेल इन ऑप्थॅल्मॉलॉजी ही संस्था ती घेते. तीन पायऱ्या आहेत, सीओए म्हणजे असिस्टंट, मग सीओटी म्हणजे टेक्निशियन, आणि वर सीओएमटी म्हणजे मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट. असिस्टंटच्या पायरीला लेखी परीक्षा, टेक्निशियनला लेखीसोबत कौशल्याची पण. आणि एकदा पास झालं की जन्मभराचं झालं असं नाही, दर ३ वर्षांनी शिक्षणाचे क्रेडिट दाखवून ते नवीन करावं लागतं. पात्रतेच्या अटी बदलत असतात, त्यामुळे फॉर्म भरायच्या आधी संस्थेच्या चालू नियमांतूनच वाचा.

कोर्स सुरू व्हायच्या आधी घरी काय करायचं

डोळ्याची आकृती स्वतःच्या हाताने काढा, बघून नाही, पाठ होईपर्यंत. कॉर्निया (पुढचा पारदर्शक भाग), पुढचा कप्पा, बाहुली, लेन्स, व्हिट्रियस (आतला जेलीसारखा भाग), पडदा (रेटिना), ऑप्टिक नर्व्ह. प्रत्येक भागासमोर लिहा की हा बिघडला तर पेशंट काय तक्रार करेल. लेन्स बिघडली तर हळूहळू धूसर, पडद्याच्या मधल्या भागाला काही झालं तर सरळ रेघ वाकडी दिसते, काचबिंदूत कडेचं दिसणं जातं आणि पेशंटला बरेच दिवस पत्ताच नसतो. असं जोडून शिकलेलं विसरत नाही.

मग ऑप्टिक्स, फक्त कामापुरतं. डायॉप्टर म्हणजे मीटरमधल्या फोकल लांबीचा व्यस्तांक, म्हणजे २ डायॉप्टरची लेन्स अर्ध्या मीटरवर प्रकाश एकत्र आणते. स्फिअर (सगळ्या दिशांना सारखा नंबर), सिलिंडर (एकाच दिशेतला जास्तीचा नंबर), अॅक्सिस (सिलिंडरची दिशा, अंशांत) समजून घ्या आणि ट्रान्सपोझिशन, म्हणजे तोच नंबर उलट चिन्हाच्या सिलिंडरने लिहिणं, येईपर्यंत सोडू नका. नियम सोपा आहे: स्फिअर आणि सिलिंडरची बेरीज हा नवा स्फिअर, सिलिंडरचं चिन्ह उलटं, अॅक्सिस ९० ने फिरवा. उणे १.०० स्फिअर, अधिक २.०० सिलिंडर, अॅक्सिस ९० असेल तर तो होतो अधिक १.०० स्फिअर, उणे २.०० सिलिंडर, अॅक्सिस १८०. रोज पाच उदाहरणं सोडवा, दोन आठवड्यात तोंडी यायला लागतात.

पेशंटशी बोलणं आणि हिस्ट्री

नवीन लोक इथे फार घाई करतात आणि मशीनकडे पळतात. "काय त्रास होतो?" विचारून "कमी दिसतं" एवढं लिहिलं तर काहीच लिहिलं नाही. कुठल्या डोळ्याला, कधीपासून, अचानक की हळूहळू, दुखतं का, लांबचं की जवळचं, दिवसा की रात्री. मग डायबेटिस, ब्लडप्रेशर, चालू गोळ्या, आधीची ऑपरेशन्स, घरात कोणाला काचबिंदू, आणि अॅलर्जी. अॅलर्जी सगळ्यात शेवटी विचारली तरी चालेल पण ड्रॉप टाकायच्या आधी विचारलेली असलीच पाहिजे.

काही वाक्यं कानावर पडली की हिस्ट्री तिथेच थांबवून डॉक्टरांना हाक मारायची. डोळ्यात चुना, अॅसिड, क्लीनर असं काही गेलंय म्हटलं तर व्हिजनसुद्धा नंतर, आधी धुवायला घ्या आणि दुसऱ्या कोणाला डॉक्टरांकडे पाठवा. चुन्यासारखे अल्कली पदार्थ तर आत आत शिरत जातात, तिथे प्रत्येक मिनिट मोजायचं. न दुखता अचानक दिसेनासं झालं, वीज चमकल्यासारखं होऊन काळे ठिपके आणि पडदा सरकल्यासारखं वाटतंय, डोळा लाल, दुखतोय, दिव्याभोवती रंगीत वलयं आणि उलट्या, ऑपरेशननंतर काही दिवसांत दुखायला लागलं आणि नजर कमी झाली, यातलं काहीही असेल तर रांगेत बसवून ठेवायचं नाही. वय झालेल्या पेशंटला नजरेच्या तक्रारीबरोबर नवीन डोकेदुखी आणि चावताना जबडा दुखतोय असं असेल तरी ताबडतोब सांगा. आणि डोळ्याला आरपार जखम झाल्याचा नुसता संशय असला तरी त्या डोळ्यावर दाब द्यायचा नाही, प्रेशर तर अजिबात मोजायचं नाही.

व्हिजन चेक, दिसतं तितकं सोपं नाही

स्नेलन चार्ट १८६२ सालचा आहे आणि अजून चालतो. ६/६ म्हणजे जे अक्षर नॉर्मल डोळ्याला ६ मीटरवरून वाचता यावं ते पेशंटने ६ मीटरवरून वाचलं, फुटांत तेच २०/२०. ६/१८ म्हणजे नॉर्मल माणूस १८ मीटरवरून वाचेल ते याला ६ वर यावं लागलं. लॉगमार चार्टवर प्रत्येक ओळीत पाच अक्षरं, ओळीला ०.१ आणि अक्षराला ०.०२, म्हणून फरक बारीक मोजता येतो.

आता प्रत्यक्ष. उजवा डोळा आधी, नेहमी, म्हणजे लिहिताना उलटसुलट होत नाही. लांबचा चष्मा असेल तर लावून. डोळा झाकायला पेशंटची बोटं नकोत, ऑक्लुडर (डोळा झाकायची दांडीची चकती) किंवा हाताचा तळवा, आणि तोही दाबून नाही, दाबला की त्या डोळ्याला पुढे दोन मिनिटं धूसर दिसतं. मग चार्टकडे नाही, पेशंटकडे बघा. आजोबा मान हळूच वळवतायत, डोळे बारीक करतायत, तळव्याच्या कडेने डोकावतायत, हे चार्टकडे बघत बसलात तर दिसणारच नाही. पुष्कळ जण मुद्दाम करत नाहीत, परीक्षा असल्यासारखं वाटतं म्हणून पास व्हायला बघतात. "चुकलं तरी चालेल आजोबा, अंदाजाने सांगा" म्हटलं की दोन अक्षरं जास्त येतात आणि तीच खरी नजर असते. दुसऱ्या डोळ्याला ओळ उलटीकडून वाचायला लावा, पाठ झालेली असते.

६/९ पेक्षा कमी आलं तर पिनहोल. बारीक भोकातून बघून नजर सुधारली तर बहुतेक नंबरचा प्रश्न, नाही सुधारली तर डॉक्टरांनी आत बघायला हवं. सगळ्यात मोठं अक्षरही दिसत नसेल तर जवळ आणा, मग बोटं मोजायला लावा, मग हाताची हालचाल, मग टॉर्चचा प्रकाश. आणि "दिसत नाही" असं लिहू नका, "१ मीटरवर बोटं मोजता येतात" असं लिहा, कारण पुढच्या वेळी तुलना त्याच्याशीच होणार.

कामाचा क्रम पाठ करा

तपासण्यांचा क्रम कोणाच्या सोयीने ठरलेला नाही. आधी हिस्ट्री, मग व्हिजन, मग बाहुल्या आणि डोळ्यांची हालचाल, नंबर, मग प्रेशर, आणि बाहुली मोठी करायचे ड्रॉप सगळ्यात शेवटी. टॉर्च एका डोळ्यावरून दुसऱ्यावर नेत बाहुली आकसण्याऐवजी मोठी होते का हे बघायचं असतं, ऑप्टिक नर्व्हच्या आजाराची ती मोठी खूण, आणि ड्रॉप टाकल्यावर ती खूण त्या दिवसापुरती गेलीच. कॉर्नियाच्या वक्रतेचं मोजमाप, म्हणजे केरॅटोमेट्री आणि टोपोग्राफी, तसंच बायोमेट्री, म्हणजे डोळ्याच्या लांबीसकट मोजमाप, हे कॉर्नियाला काहीही टेकवायच्या आधी. बधिर करायचा ड्रॉप आणि टोनोमीटरचा (प्रेशर मोजायच्या यंत्राचा) स्पर्श झाला की कॉर्नियाचा पृष्ठभाग बिघडतो आणि आकडे हलतात. अजून एक, ड्रॉपच्या आधी कडेने टॉर्च मारून पुढचा कप्पा उथळ वाटतोय का बघा, वाटला तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ड्रॉप नाही, कारण अशा डोळ्यात बाहुली मोठी झाली की प्रेशर एकदम चढू शकतं.

प्रेशर: गोल्डमनवर हात बसवा

फुंकर मारणारं मशीन शिकायला सोपं, पण गोल्डमन अॅप्लनेशन, म्हणजे कॉर्नियाला टेकवून प्रेशर मोजणं, आल्याशिवाय स्वतःला तयार समजू नका. साधारण १० ते २१ मिलिमीटर मर्क्युरी ही नॉर्मल मानली जाणारी रेंज, तरी काचबिंदू नॉर्मल प्रेशरमध्येही असतो, म्हणून आकडा नॉर्मल आला की निष्काळजी होऊ नका.

बधिर करायचा ड्रॉप, फ्लुरोसीन (निळ्या प्रकाशात हिरवा चमकणारा रंग), निळा प्रकाश, बाजूने तिरका. प्रिझम, म्हणजे टोनोमीटरचं टेकवायचं टोक, कॉर्नियाच्या मधोमध अलगद टेकवला की दोन हिरवी अर्धवर्तुळं दिसतात, एक वर एक खाली. ड्रम फिरवत त्यांच्या आतल्या कडा एकमेकींना टेकवायच्या, आणि ड्रमवरचा आकडा गुणिले १० म्हणजे प्रेशर. नाडीबरोबर ती अर्धवर्तुळं हलतात, तेव्हा हलण्याच्या मधला बिंदू धरायचा.

आता चुकतं कुठे ते बघा. फ्लुरोसीन जास्त झालं, पट्ट्या जाड दिसतायत, आकडा खोटा जास्त येतो. फार कमी, पट्ट्या बारीक, आकडा खोटा कमी. पेशंटने श्वास रोखून धरला, गळ्याशी कॉलर घट्ट, मान ताणून बसलाय, पापण्या आवळल्यात, प्रेशर वाढतं. पापणी उचलायची असेल तर बोट भुवईच्या हाडावर टेकवा, डोळ्यावर नाही, कारण बुबुळावर पडलेला थोडासा दाबही आकड्यात दिसतो. कॉर्निया जाड असेल तर आकडा जास्त आणि पातळ असेल तर कमी दाखवतो, म्हणून जाडीही मोजून ठेवतात. सिलिंडर ३ पेक्षा जास्त असेल तर प्रिझमवरची लाल खूण वापरून तो फिरवावा लागतो, हे परीक्षेत हमखास विचारतात आणि ओपीडीत हमखास विसरतात.

एक प्रेशर १४ आणि लगेच दुसऱ्यांदा २३ आलं तर सरासरी काढून मोकळं होऊ नका. पेशंटला मागे घ्या, श्वास घ्यायला लावा, पुन्हा मोजा. तरी जुळत नसेल तर दोन्ही आकडे लिहा आणि शेजारी लिहा की पेशंट डोळा आवळत होता. डॉक्टरला या चार शब्दांचा उपयोग सुंदर दिसणाऱ्या आकड्यापेक्षा जास्त होतो.

प्रिझम प्रत्येक पेशंटनंतर तुमच्या हॉस्पिटलच्या ठरलेल्या पद्धतीने निर्जंतुक करायचा, आणि नंतर नीट धुवून कोरडा करायचा. ही दुसरी अर्धी गोष्ट लोक विसरतात, प्रिझमवर राहिलेलं केमिकल कॉर्निया भाजतं. डोळे आलेल्या पेशंटला हात लावला असेल तर खुर्ची, हनुवटीची पट्टी, पेन, दाराची मूठ सगळं पुसा, तो व्हायरस पृष्ठभागावर बरेच दिवस तग धरतो.

ड्रॉप

बऱ्याच ठिकाणी बाहुली मोठी करणाऱ्या ड्रॉपचं झाकण लाल असतं, तरी झाकणाच्या रंगावर ड्रॉप टाकू नका, लेबल वाचा, उचलताना एकदा आणि टाकायच्या आधी एकदा. खालची पापणी ओढून झालेल्या खळग्यात एक थेंब, बाटलीचं टोक पापणीला लागू न देता. आतल्या कोपऱ्यावर एक-दोन मिनिटं बोट दाबायला सांगा म्हणजे औषध नाकात उतरून अंगात कमी जातं, लहान मुलांत आणि हार्टच्या पेशंटमध्ये हे टाळायचं नाही. दोन वेगळ्या ड्रॉपमध्ये ५ मिनिटं. पुढचे काही तास धूसर दिसेल, गाडी चालवू नका, हे ड्रॉप टाकल्यावर नाही, टाकायच्या आधी सांगायचं, नाहीतर एकटा गाडी घेऊन आलेला माणूस अडकतो. आणि बधिर करायचा ड्रॉप "दुखतंय हो, घरी द्या" म्हणून कितीही विनवणी झाली तरी द्यायचा नाही, सतत वापरला तर कॉर्निया खराब होतो.

मशीनवाली कामं

फिल्ड टेस्टमध्ये, म्हणजे कडेपर्यंत किती दिसतं हे मोजण्यात, मशीनपेक्षा समजावणं महत्त्वाचं. "सगळे दिवे दिसणार नाहीत, काही तर मुद्दाम इतके मंद असतात की कोणालाच दिसत नाहीत, मधल्या ठिपक्याकडेच बघा, डोळे मिटमिटले तरी चालेल" हे सांगितलं नाही तर पेशंट दिवे शोधत बसतो. जन्मतारीख चुकीची टाकली तर त्याची तुलना चुकीच्या वयाशी होते. जवळचा नंबर वयाप्रमाणे लावा, लेन्स डोळ्याजवळ आणा, नाहीतर लेन्सची कडा रिपोर्टवर आजारासारखी दिसते, खाली आलेली पापणी टेपने उचला. फिक्सेशन लॉस, म्हणजे नजर मधल्या ठिपक्यावरून हटण्याचं प्रमाण, २० टक्क्यांच्या वर जायला लागला तर मध्येच थांबवून पुन्हा समजावा. आणि खोलीतून निघून जाऊ नका.

ओसीटीत, म्हणजे प्रकाशाने काढलेल्या पडद्याच्या थरांच्या स्कॅनमध्ये, सिग्नल कमी आला तर आधी डोळे मिचकवायला लावा किंवा कोरड्या डोळ्यांसाठीचा ड्रॉप टाका, मग पुन्हा काढा.

बायोमेट्रीवर मात्र वेळ द्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये आत बसणाऱ्या लेन्सचा नंबर यावर ठरतो, आणि डोळ्याची लांबी १ मिलिमीटर चुकली तर नंबर अडीच ते तीन डायॉप्टरने चुकतो. टेकवून करायच्या ए-स्कॅनमध्ये (अल्ट्रासाऊंडने लांबी मोजणं) प्रोबने कॉर्निया थोडा जरी दाबला तरी डोळा आखूड मोजला जातो. दोन डोळ्यांच्या लांबीत ०.३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर पुन्हा मोजा, आणि मग चष्म्याच्या नंबरशी ताळा करून बघा, एक डोळा लांब आलाय तर त्याला उण्याचा नंबर जास्त आहे का? कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याने किती दिवस आधी काढायला हव्या हे अपॉइंटमेंट देतानाच सांगा. पूर्वी पडद्याच्या ऑपरेशनमध्ये सिलिकॉन ऑइल भरलंय का हेही विचारा, त्याची सेटिंग वेगळी असते.

पहिली नोकरी आणि पुढे

पहिल्या काही महिन्यांत स्पीडच्या मागे लागू नका, लोक टोमणे मारतील तरी. एक छोटी वही ठेवा, तुम्ही काढलेला आकडा आणि सीनियरने किंवा डॉक्टरने पुन्हा काढलेला आकडा शेजारी शेजारी लिहा, पेशंटचं नाव न लिहिता. महिन्याभरात दिसेल की तुमचं प्रेशर नेहमी दोनने जास्त येतंय किंवा अॅक्सिस एकाच बाजूला सरकतोय, आणि अशी एकाच बाजूची चूक सुधारता येते. रेटिनोस्कोपी, म्हणजे डोळ्यात प्रकाश टाकून स्वतः नंबर काढणं, मशीन असलं तरी शिका, लहान मूल आणि ऑटोरेफ्रॅक्टरवर (नंबर काढणाऱ्या मशीनवर) न बसणारा पेशंट आला की तीच लागते.

मुलाखतीला जाल तेव्हा "कुठली मशीन येतात" विचारतील, यादी सांगाच, पण सोबत सांगा की कुठल्या मशीनचा रीडिंग तुम्ही कधी परत घेता. समोर डोळ्याचा डॉक्टर बसलेला असेल तर त्याला या उत्तरावरून तुमचं काम कळतं.

वर्षभरानंतर एक दिशा धरा. बायोमेट्री, अँजिओग्राफी आणि पडद्याचे फोटो, ऑपरेशन थिएटरमध्ये असिस्ट करणं, तिरळेपणा आणि लहान मुलं, कॉन्टॅक्ट लेन्स, रिसर्च ट्रायलमधलं मोजमाप, यातलं एक तरी असं हवं की हॉस्पिटलमध्ये अडलं की लोक तुम्हाला शोधत येतात. माझं मत विचाराल तर बायोमेट्री घ्या, मोतीबिंदूची ऑपरेशन्स जिथे तिथे होतात आणि लेन्सचा नंबर बरोबर देणारा माणूस कुठलाच सर्जन सहज सोडत नाही.